मागचे फूटरेस्ट

निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि सदाशिवराव मोहित्यांच्या क्वार्टरमधलं निम्मं सामान त्यांच्या आधीच निवृत्त होऊन खोक्यांत बसलं होतं. त्यांच्या पत्नी मीनाक्षीताई सांगलीच्या घराला रंग लावून घ्यायला जानेवारीच्या सुरुवातीलाच पुढे गेल्या होत्या. चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या पहिल्या मजल्यावरच्या त्या सरकारी घरात आता एक कुकर, एक कढई, दोन ताटं, बाप आणि लेक एवढेच उरले होते. बाहेर धुकं, आत हीटरसमोर वाळत घातलेले मोजे आणि रोज संध्याकाळी तीच खिचडी. सदाशिवरावांना नुसत्या खिचडीचा नव्हे, एकूणच कंटाळा आला होता.

नागपूर, जोधपूर, डेहराडून, चंदीगड. बत्तीस वर्षांत चार गावं झाली आणि प्रत्येक गाव सोडताना काही ना काही मागे राहिलं. एकदा शिलाई मशीन, एकदा तुळशीची कुंडी, एकदा मीनाक्षीताईंच्या पाठदुखीवर गुण आलेला एकमेव वैद्य. या वेळी मागे राहणार होती क्षितिजा.

पंचवीस वर्षांची पोर. मोहालीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागून सहा महिने झाले होते आणि मार्चअखेरीला नोकरी पक्की व्हायची होती. जन्म नागपूरचा, शाळा जोधपूर-डेहराडूनची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर तोंडाला येईल त्या भाषेत. आईवडील गेले तरी मी इथंच पेइंग गेस्ट म्हणून राहणार, असं तिनं दिवाळीतच सांगून टाकलं होतं, आणि तिचं काही चूक नव्हतं. बदल्या बापाच्या, नोकरी तिची. पण पोरीला इतक्या लांब एकटं सोडून जायचं या विचारानं सदाशिवराव रात्री दोनदोनदा उठून बसत. त्यावर त्यांना एकच उपाय सुचला होता, तो म्हणजे तिच्या बुडाखाली निदान भरवशाची गाडी असावी.

ती गाडी डिसेंबरात पंचकुल्याच्या एका मुलाकडून घेतली. मुलगा कॅनडाला निघाला होता. या भागात दर तिसऱ्या घरातला मुलगा कॅनडाला निघालेला असतो. काळी, नीट ठेवलेली मोटरसायकल. कागद सदाशिवरावांच्या नावावर झाले. मुलगा गाडी स्वतः पोचवायला आला, किल्ल्या हातात ठेवल्या, चहा नको म्हणाला आणि कोपऱ्यावरच्या ऑटोपर्यंत जवळजवळ पळतच गेला. जुनी वस्तू देताना लोकांना उगाच गहिवर येतो, तसलं काही याला आलं नाही, हे सदाशिवरावांना आवडलं होतं.

महिनाभर गाडी बरी चालली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिनं नखरे सुरू केले. न्यूट्रलमध्ये बटण दाबलं की इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागे. क्षितिजानं क्लच दाबून पहिला गिअर टाकला की गप. पुन्हा न्यूट्रल, पुन्हा गुरगुर. पुन्हा गिअर, पुन्हा गप. दोन दिवस ती टॅक्सीनं गेली, तिसऱ्या दिवशी धुक्यात टॅक्सीच मिळाली नाही आणि तिच्या नावावर तिसरा लेट मार्क लागला.

आजार अगदी पुस्तकातला होता. साइड स्टँड खाली असताना गाडी गिअरमध्ये टाकली तर इंजिन आपोआप बंद पडावं, अशी हल्लीच्या गाड्यांत सोय असते. स्टँडच्या मुळाशी बोटाएवढा स्विच, त्यातून निघालेल्या दोन तारा. स्टँड वर घ्यायला विसरलेला माणूस पहिल्याच वळणावर आडवा होऊ नये, म्हणून घेतलेली काळजी. स्टँड वर असूनही गाडीला तो खाली वाटत असेल, तर स्विच तरी बिघडला किंवा तार तरी सुटली. तिसरं कारण असत नाही.

आणि हे सांगायला सदाशिवरावांना कुणा मिस्त्रीची गरज नव्हती. केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत ते उपकरणं दुरुस्त करत आले होते. प्रयोगशाळेत लागणाऱ्या नव्या मुलांना ते पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगत: सुरक्षेचा स्विच मशीन थांबवत असेल तर तो कशापायी थांबवतोय हे आधी शोधा, त्याला बगल देऊन तार जोडण्याचा शहाणपणा मग करा. बत्तीस वर्षांत हा नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता. मुलं पाठीमागे त्यांची नक्कल करत, तेही त्यांना ठाऊक होतं.

रविवारी अकराच्या सुमारास धुकं उठलं, तेव्हा त्यांनी गाडी क्वार्टरच्या मागच्या फरसबंदीवर घेतली. शेजारी स्टूल, स्टुलावर मल्टिमीटर आणि दोनशे पानी वही. निरीक्षण लिहिल्याशिवाय त्यांना स्क्रूसुद्धा फिरवता येत नसे. स्विच काढला, चिखल पुसला, स्प्रे मारला. मीटर लावला, स्टँड वर, मीटर वाजला, स्टँड खाली, मीटर गप्प. स्विच ठणठणीत. मग सीटखालच्या जोडापर्यंत तारा बोटानं चाचपत नेल्या. कुठे कापलेलं नाही, कुठे गंज नाही. क्लचच्या दांडीखालचा छोटा स्विच तपासला, तोही ठीक. त्यांनी स्वतः बसून गिअर टाकला. गाडी निघाली. फाटकापर्यंत गेले, परत आले.

क्षितिजा बसली. गिअर टाकला. गप.

त्यांनी तिला थोडं चिडवलं, की गाडीला तुझा हातगुण आवडत नाही. तिला ते फारसं आवडलं नाही. "पप्पा, यार, मी कॉलेजपासून चालवतेय," एवढंच म्हणून ती जॅकेटच्या बाह्यांत हात ओढून उभी राहिली. आठवडाभराची झोप तिच्या डोळ्यांखाली साठली होती. तिला तसं पाहून बापाला आपल्या विनोदाची लाज वाटली.

सोमवारी त्यांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि गाडी इंडस्ट्रियल एरियात हरबंससिंग मिस्त्रींकडे नेली. गाडी सदाशिवरावांच्या हाताखाली निमूट गेली, हे सांगायला नको. मिस्त्री साठीचे, अंगानं भरलेले, हातातल्या कामाकडे बघत बोलणारे. त्यांनी नवा स्विच बसवला, स्वतः दोन फेऱ्या मारल्या, तारेत काही नाही जी म्हणाले. मग ते मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि टायरवरून अंगठा फिरवत राहिले. सीटचा मागचा अर्धा भाग त्यांनी तळव्यानं दाबून पाहिला.

"पीछे कौन बैठता है?" त्यांनी विचारलं.

"कोई नहीं जी. बेटी अकेली जाती है."

मिस्त्रींनी हात चिंधीला पुसले. बराच वेळ पुसले. मग हवा बघून घ्या, मागच्या टायरला दोन माणसांची लागेल, असं म्हणून ते दुसऱ्या गाडीकडे वळले. सदाशिवरावांना वाटलं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. स्विच बिघडलाय आणि हा माणूस टायर बघतोय.

मंगळवारी सकाळी क्षितिजा बसली, गिअर टाकला, गाडी गप झाली.

तो आठवडा दोघांच्याही नाकी नऊ आणणारा गेला. ती सातला उठून टॅक्सी शोधे, संध्याकाळी साडेसातला परत येई आणि जेवताना डोळे मिटून घास चावे. तिच्या साहेबानं मार्चचा विषय एकदा काढलाही होता. सदाशिवरावांचं ऑफिसात कपाट रिकामं करणं चालू होतं. संध्याकाळी मीनाक्षीताई फोनवर रंगाच्या छटा विचारत आणि ते सगळ्या छटांना चांगली आहे म्हणत. रात्री पाठ टेकली की त्यांच्या डोळ्यांसमोर त्या दोन तारा येत. एक साधा स्विच आपल्याला ऐकत नाही, याचा त्यांना राग येई. पण राग धरायलाही अंगात त्राण लागतं.

पुढच्या रविवारी त्यांनी शेवटचा प्रयत्न म्हणून ठरवलं की गाडी बंद पडते त्या नेमक्या क्षणी तारांत काय होतं ते पाहायचं. क्षितिजानं पुढे बसून गिअर टाकायचा आणि त्यांनी सीटखालच्या जोडावर मीटरची टोकं धरायची. शेजारी उकिडवं बसून कंबर धरली, म्हणून मागचे दोन्ही फूटरेस्ट पायानं उघडून ते तिच्या मागे बसले आणि डावीकडे वाकले. तिनं गिअर टाकला.

गाडी चालू राहिली.

ते उतरले. फूटरेस्ट नडगीला लागतात म्हणून मिटले. तिनं गिअर टाकला, गाडी बंद. ते पुन्हा चढले, गाडी चालू. वहीत त्यांनी घाईनं लिहिलं: मागे वजन असता दोष नाही. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी क्षितिजाच्या डोक्यावर टपली मारली. वजनानं मागची चौकट दबते, कुठली तरी सैल तार ताणली जाते, जोड लागतो. सरळ होतं.

त्यांनी घरातून दहा किलोची आट्याची गोणी आणि पुस्तकांचं एक खोकं आणलं, मागच्या सीटवर चढवलं आणि स्वतः धरून उभे राहिले. गाडी बंद पडली. हे बसत नव्हतं. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी ओझं दोरीनं बांधायला घेतलं आणि दोरी अडकवायला मागचे फूटरेस्ट उघडले. तिनं गिअर टाकला आणि गाडी चालू राहिली. मग त्यांनी दोरी सोडली, गोणी उतरवली, खोकं उतरवलं. मागची सीट मोकळी. फूटरेस्ट उघडे.

गाडी चालूच होती.

डावा मिटला, बंद. उजवा मिटला, बंद. दोन्ही उघडे, तरच चालू. क्षितिजाची बोटं गारठून गेली तरी त्यांनी सात वेळा करून पाहिलं आणि सातही वेळा तेच. स्वतः बसले, तर फूटरेस्ट कसेही असोत, गाडीला फरक पडत नव्हता. त्यांनी फरशीवर आडवं पडून दोन्ही फूटरेस्टच्या मुळाशी टॉर्च मारला. एक लोखंडी खीळ, एक स्प्रिंग, थोडं वंगण. तिथून जवळची तारही हातभर लांब होती.

"म्हणजे काय, पप्पा?" क्षितिजानं विचारलं.

उन्हं चढली होती, पाठ फरशीनं गार पडली होती, दुपारचा स्वयंपाक व्हायचा होता. प्रयोगशाळेत अशा वेळी एक सोय असते. उपकरण चालतंय पण का चालतंय कळत नाही, आणि ज्याला हवंय तो दारात उभा आहे, अशा वेळी त्याला पिवळी चिठ्ठी लावतात: अटीसह कार्यरत. सदाशिवरावांनी आयुष्यात अशा शेकडो चिठ्ठ्या लावल्या होत्या आणि त्यांतली बहुतेक उपकरणं वर्षानुवर्षं चाललीही होती. त्यांनी वहीत लिहिलं, मागचे फूटरेस्ट उघडे ठेवावेत, आणि वही मिटली.

"उघडे ठेव आणि जा," ते म्हणाले. "चालते ना, झालं तर मग."

म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो, हे त्यांच्या आईचं लाडकं वाक्य. त्यांना ते त्या दुपारी आठवलं नाही. भूक लागली होती.

गाडी चालू लागली. सकाळी निघताना क्षितिजा पायानं दोन्ही फूटरेस्ट उघडी, बटण दाबी आणि दक्षिण मार्गाला लागे. लेट मार्क थांबले. फक्त चौकातल्या गोल राउंडअबाउटवर गाडी जड वाटते, असं ती एकदा म्हणाली, वळताना मागून कुणी उलट्या बाजूला झुकल्यासारखी. सदाशिवरावांनी हवा तपासली. पेट्रोलही जरा जास्त लागत होतं. थंडीत लागतंच, असं ते म्हणाले.

फेब्रुवारीत धुकं विरळ झालं, पण दव पडायचं. सकाळी दूध आणायला उतरलं की खाली लावलेल्या सगळ्या गाड्या घामेजल्यासारख्या ओल्या असत. एका सकाळी क्षितिजाची सीट पुसायला त्यांनी फडकं काढलं. टाकी ओली होती, आरसे ओले होते, सीटचा पुढचा भाग ओला होता. मागचा अर्धा कोरडा. वर बघितलं तर बाल्कनीचा कठडा होता, त्याचा आडोसा असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी मुद्दाम उघड्यावर लावली. सकाळी फडकं हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहिले. मागचा भाग कोरडाच होता, आणि कोरड्याच्या कडा एखादं माणूस बसून उठावं तशा गोल होत्या. त्यांनी पुढचा भाग पुसला आणि वर आले. कुणाला सांगायचं? मीनाक्षीताईंना सांगितलं असतं तर त्या पहिल्या गाडीनं लिंबू-मिरची घेऊन आल्या असत्या.

महिन्याच्या शेवटी त्यांच्या मोबाइलवर चलानचा मेसेज आला. या शहरात लाइट पॉइंटवरचे, म्हणजे सिग्नलवरचे, कॅमेरे कुणाला सोडत नाहीत, आणि गाडी त्यांच्या नावावर होती. गुन्हा: मागे बसलेल्या व्यक्तीच्या डोक्यावर हेल्मेट नाही. खाली फोटोची लिंक. त्यांनी ऑफिसातल्या रिकाम्या टेबलावर फोन ठेवून फोटो उघडला. क्षितिजा सिग्नलला एक पाय टेकून थांबली होती, तिचं पिवळं हेल्मेट नीट डोक्यावर. मागे कुणी नव्हतं. पण तिच्या उजव्या खांद्याच्या जरा वर, मोकळ्या हवेभोवती कॅमेऱ्यानं एक लाल चौकोन आखला होता. चेहऱ्याएवढा.

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. चौकोनात फक्त मागचा रस्ता होता.

संध्याकाळी क्षितिजा हसली. "एआय आहे पप्पा, उसको कुछ भी दिखता है." तक्रार टाकते म्हणाली आणि टाकली नाही, कारण जेवता जेवताच तिला पेंग आली. सदाशिवराव मात्र जागे राहिले. आयुष्यभर मीटर वाचलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मीटर चुकतो, पण तो कल्पना करत नाही. त्यांना भीती वाटली, खरी भीती. आणि त्या भीतीबरोबर एवढा थकवा आला की त्यांना रडू येईलसं वाटलं. गाडी विकावी, तर महिन्याभरात घर सोडायचं, दुसरी शोधायची कधी? आणि विकायची तरी कुणाच्या पोरीला?

रविवारी त्यांनी पाना आणि पक्कड घेतली. दोन्ही फूटरेस्टच्या खिळी ठोकून काढल्या, स्प्रिंगा काढल्या आणि ते दोन लोखंडी तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊन टाकले. बसायला जागाच ठेवायची नाही. पाय ठेवायला आधार नसेल तर मागे कोण किती वेळ बसेल, असा त्यांचा साधा हिशेब होता. तो हिशेब कुणाबद्दल चाललाय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. स्विच कशापायी थांबवत होता, तेही नाही.

मग त्यांनी क्षितिजाला हाक मारली. ती बसली, गिअर टाकला.

गाडी एका झटक्यात निघाली. वहीतल्या सगळ्या नोंदी पाहता ती बंद पडायला हवी होती. सदाशिवरावांना ते कळलं. त्यांनी वही उघडली नाही. चालते आहे ना.

त्यानंतरचे दहा दिवस फार बरे गेले. गाडी हलकी झाली, राउंडअबाउटवर पाण्यासारखी वळते, असं क्षितिजा म्हणाली. सकाळी सीट पुढून-मागून सारखी ओली असे. आणि मुख्य म्हणजे पोरीचा थकवा गेला. ती ऑफिसातून येई ती दुपारची झोप काढून आल्यासारखी, डोळे निवळलेले, आवाज मऊ. एका गालावर उशीचा उठावा तसा वळ असे. हेल्मेटचा पट्टा असेल. आता अजिबात थकत नाही पप्पा, ती म्हणाली, जाणं-येणं कळतच नाही.

सदाशिवरावही महिन्याभरानं प्रथमच सलग झोपू लागले. मल्टिमीटर कापडात गुंडाळून खोक्यात गेला. क्षितिजाची नोकरी पक्की झाल्याचं पत्र मार्चअखेरीची वाट न बघता आधीच आलं, त्या दिवशी त्यांनी सेक्टर सतरातून तिच्यासाठी जॅकेट आणलं. मीनाक्षीताईंना त्यांनी फोनवर सांगितलं, की पोरीची आता काळजी नाही. गाडी भरवशाची आहे. दोन एप्रिलची तिकिटं निघाली.

मार्चच्या मध्यावर एका संध्याकाळी ते बाल्कनीत चहा घेऊन बसले होते. साडेसहा झाले असतील. ऊन अजून समोरच्या क्वार्टरच्या भिंतीवर होतं, खाली बायका भाजीवाल्याच्या गाड्याशी उभ्या होत्या. फोन वाजला. चलानचा मेसेज होता. तोच लाइट पॉइंट, कालची तारीख, संध्याकाळची वेळ. गुन्हाही तोच: मागे बसलेल्या व्यक्तीच्या डोक्यावर हेल्मेट नाही.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि फोटो उघडला.

या वेळी लाल चौकोनात चेहरा होता.

क्षितिजाचा. ती मागे बसली होती. नवं जॅकेट अंगात, डोक्यावर काही नाही, डोळे मिटलेले. एक गाल पुढच्याच्या पाठीवर टेकलेला आणि दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती सैल. लहानपणी जोधपूरला स्कूटरवर त्यांच्या पाठीशी ती अशीच झोपायची.

पुढे बसलेल्याच्या डोक्यावर तिचं पिवळं हेल्मेट होतं. काच खाली ओढलेली.

त्यांनी फोटो सरकवून खाली नेला. गाडीच्या मागच्या बाजूला तिचे दोन्ही पाय अधांतरी लोंबत होते. टेकवायला काही नव्हतं.

त्यांनी तिचा नंबर लावला. दोन वेळा रिंग वाजली आणि तिनं उचलला. मागे रस्त्याचा आवाज होता, हॉर्न, वारा, इंजिन.

"क्षिती," ते म्हणाले. "कुठं आहेस तू?"

"रस्त्यात आहे पप्पा." आवाज झोपेतला, समाधानी. "बस अड्डा गेला आत्ता."

"गाडी बाजूला घे. आधी थांबव गाडी. चालवताना फोन उचललास कसा?"

त्यांनी काय विचारलं हे तिला नीट कळलं नसावं.

"मैं कहाँ चला रही हूँ, पप्पा," ती म्हणाली.

मग फोनमधून गिअर बदलल्याचा आवाज आला. क्षितिजाला कधी जमला नव्हता इतक्या हलक्या हातानं, आणि गाडीनं वेग घेतला.